दातवालीच्या कुत्र्यांचं जेवण

आठ दिवसांची रजा काढ आणि ये, असं तिने फोनवर सांगितलं. कशासाठी, विचारलं तर म्हणाली, "कुत्र्यांसाठी."

मी गेले. उन्हाळा भरात होता. तिने दार उघडलं तेव्हा तिचा कुर्ता एका खांद्यावरून घसरलेला होता. कुर्ता जुनाच होता, माझ्या ओळखीचा. मी खांद्याकडे पाहिलं. मी पाहिलं हे तिने पाहिलं.

"पोटातलं आहे," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणतात तीन महिने. फार तर चार. चप्पल वर ठेव, चिल्लर खातो."

मी चप्पल वर ठेवली.

"आता असं तोंड करून बसू नकोस. माझं जे व्हायचं ते ठरलंय. या तिघांचं ठरायचंय. तिघं एकत्र राहिली पाहिजेत आणि माझ्यामागे उपाशी मरता कामा नयेत. एवढंच काम शिल्लक आहे. चहा घेणार?"

मी हो म्हणाले.  

तिला सगळे दातवाली म्हणत. ती कवळ्या बनवायची. गावातले चार-पाच दंतवैद्य रुग्णाच्या तोंडाची मापं तिच्याकडे पाठवत आणि ती त्यावर प्लास्टरचे जबडे ओतून, गुलाबी मेणात एकेक दात बसवून, तोंड तयार करून परत पाठवी. भावाच्या घराच्या वरच्या मजल्यावर तिच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत ती आणि कुत्री. मागच्या खोलीत जबडे. फळीवर ओळीने पन्नास-साठ जबडे, प्रत्येकावर पेन्सिलीने आडनाव. पहिल्यांदा गेले तेव्हा मी दारातच थबकले होते. ती म्हणाली होती, "ये ये, कोणी चावत नाही. चावणारे बाहेर आहेत."

ती पहिली खेप माझ्याच दातासाठी होती. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला मी जिन्यावरून पडले आणि पुढचा दात गेला. रंग जुळवायला दंतवैद्याने मला तिच्याकडे धाडलं. तिने मला खिडकीशी उभं केलं, दातांच्या छटांची पट्टी ओठाशी धरली आणि म्हणाली, "हस. असं फोटोतलं नको, खरं हस." मला येईना. तेवढ्यात एक तपकिरी कुत्रा प्लास्टरचा जबडा तोंडात धरून आमच्यामधून पळाला आणि मी हसले. तिने लगेच छटा लिहून घेतली. माझ्यापेक्षा सोळा वर्षांनी मोठी, पण अहो-जाहो केलं की खवळायची. "तू म्हण. तुझ्या तोंडात मी बसलेय."

मी साहित्य घेऊन पदवीधर झाले आणि एका छापखान्यात मुद्रितं तपासायला लागले. ती मला पुस्तकी म्हणायची.

कुत्री तीन. चिल्लर म्हणजे तो तपकिरी, आकाराने लहान आणि उपद्रवाने मोठा. उशी पांढरी, लठ्ठ, जिथे बसेल तिथली होऊन जाणारी. आणि साहेब. साहेब मोठा, पिवळा, म्हातारा. पुढचे पाय एकावर एक ठेवून असा बसायचा की समोरच्याला वाटावं आपला अर्ज नामंजूर होणार.

साहेब तिच्याकडे आला तो एका कवळीमुळे. एक एकटे राहणारे आजोबा होते. कवळी तयार झाली, ते न्यायला आलेच नाहीत. चालता येत नसेल म्हणून ती स्वतः घेऊन गेली. दाराला कुलूप होतं आणि पायरीवर हा. शेजाऱ्यांनी सांगितलं, जाऊन चार दिवस झाले, कुत्रं तेव्हापासून काही खात नाही. ती त्याला घेऊन आली. तिच्याकडेही त्याने पाच दिवस खाल्लं नाही. माप घ्यायच्या पिचकारीने तिने त्याच्या तोंडात पातळ भात सोडला. सहाव्या दिवशी त्याने भांड्यात तोंड घातलं. तोवर तो अर्धा झाला होता.

"तेव्हा तरुण होता, तगला," ती म्हणाली. "आता नऊ दिवस नाही काढायचा."

पहिल्या दिवशी तिने मला फक्त बघायला सांगितलं. दुपारभर तिने काम केलं. शेवटचं काम पॉलिशचं. भिंतीशी एक मशीन होतं, त्यावर कापडाचं चाक गरगर फिरायचं, त्याला ती कवळी लावायची आणि घरभर एकच सूर घुमायचा. सहाच्या सुमारास तिने मशीन थांबवलं, हात धुतले, तीन भांड्यांत भात आणि उकडलेली अंडी घातली. तिन्ही कुत्री जेवली. यात बघण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भावाबरोबर इस्पितळात गेली. संध्याकाळी यायला उशीर होईल म्हणाली. "सहाला भात घाल. कालच्यासारखाच." सहाला मी भात घातला. कालच्याएवढाच, त्याच भांड्यांत. कोणी उठलं नाही. मी नावं घेऊन हाका मारल्या, अंडं हातात धरून दाखवलं. चिल्लरने हुंगलं आणि मागे सरकला. उशीने दाराकडे तोंड केलं. साहेब पाय एकावर एक ठेवून बसून राहिला.

साडेसहाला मी तिला फोन केला. 

"त्यांना कळलंय गं. तिघांनाही. दाराकडे बघत बसलीयत. त्यांना सगळं कळलंय."

 मग ती म्हणाली, "पुस्तकी, मशीन लाव."

"काय?"

"मागे जा. भिंतीवरचं काळं बटण. लाव, पन्नास आकडे मोज, बंद कर."

मी लावलं. पन्नास मोजले. बंद केलं. बाहेर आले तर तिन्ही कुत्री जेवत होती. भांडी फरशीवर सरकत होती.

"जेवतायत?" फोन चालूच होता.

"हो."

"तू अर्थ शोधतेस," ती म्हणाली. "ती वेळ शोधतात." मग तिचा आवाज बदलला. "म्हणजे मला वाटलं होतं ते खरंच आहे. माझ्यामागे हे मशीन कोण लावणार?"

मशीन एका दंतवैद्याने आधीच मागून ठेवलं होतं.

तिसऱ्या दिवशी तिने कामाची पद्धत सांगितली. अगदी कामासारखीच सांगितली, हातात मेणाची सुरी घेऊन. आज मशीन वीस आकडे. उद्या पाच. परवा मशीन दुपारी तीनला लावायचं आणि तेव्हा जेवण द्यायचंच नाही, म्हणजे त्या आवाजाचा त्यांना काही अर्थ उरणार नाही. त्यानंतर मशीन बंदच. त्याऐवजी एक शब्द. "चला."

"चलाच का?"

"मशीन कुणाच्या घरात नसतं. चला सगळ्यांच्या घरात असतं."

जेवण मी द्यायचं. ती मागच्या खोलीत, दार लावून. चारच्या पुढे ती कुणाला हात लावणार नाही, नावाने हाक मारणार नाही. दार खाजवलं तरी उघडणार नाही.

"आणि रात्री?"

"रात्री इकडेच निजेन. कॉट टाकलीय भावाने."

मी पाहिलं. जबड्यांच्या फळीखाली कॉट होती.

त्या संध्याकाळी चिल्लरने पाऊण तास दार खाजवलं. मग दाराखालच्या फटीत नाक घालून पडला. मी बाहेरून बघत होते. आतून एक टॉवेल गुंडाळून त्या फटीला लावला गेला. सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. चिल्लर उठला आणि दुसरीकडे जाऊन बसला.

मी मनात गृहीत धरलं होतं की कुत्री माझ्याकडे येणार. तिने तसं कधी म्हटलं नव्हतं, पण आठ दिवस दुसऱ्या कशासाठी बोलावेल? चौथ्या दिवशी जिन्यात उभी राहून मी माझ्या घरमालकांना फोन केला. तिघी मिळून एका खोलीत राहतो आम्ही. कुत्रं चालेल का, विचारलं. मालक म्हणाले, "काचेच्या भांड्यातला मासा असेल तर बघू." किती कुत्री ते मी सांगितलंच नाही. मी दुसरी जागा शोधायचं ठरवलं. छापखान्यातून सुटायला रात्रीचे आठ होतात, त्याचं काय, ते ठरवलं नाही.

पाचव्या दिवशी वहिनी वर आल्या. वहिनी म्हणजे तिच्या धाकट्या भावाची बायको. खाली राहायच्या, शाळांचे गणवेश शिवायच्या. कुत्र्यांनी जिन्याची शेवटची पायरी ओलांडायची नाही हा त्यांचा कायदा होता आणि दिवसातून दहा वेळा त्यावरून त्यांचा आवाज वर यायचा. आज त्यांच्या हातावर एक खाकी चड्डी होती.

"वन्सं, ही बघा. अंगणात वाळत घातलेली. पडली काय, तुमची उशी जाऊन बसली काय."

"किती वेळ बसली?"

"किती वेळ म्हणजे? मी काय घड्याळ लावून उभी होते?"

"ठेव इथे. इस्त्री मारून देते."

"इस्त्री उचलते का तुम्हाला?" वहिनी बोलून गेल्या. मग चड्डीची घडी घालू लागल्या. घातलेली मोडून पुन्हा घातली.

दातवाली म्हणाली, "अगं, मी गेल्यावर तिघं खाली येतील."

"माझ्या घरात? नाव काढू नका."

"मग कुठे जातील?"

"ही आलीय ना तुमची पुस्तकी. का नुसतीच हवा खायला आलीय?"

"तिच्याकडे एका कॉटची जागा आहे. तीही तिघींत वाटून."

"आणि माझ्याकडे काय मैदान आहे?"

"अंगण आहे. आणि तू ओरडतेस."

"घ्या! आता ओरडते म्हणून मला बक्षीस."

"खरंच सांगते. ओरडणारं माणूस कुत्र्यांना बरं असतं. घरात कोणीतरी आहे हे दिवसभर कळत राहतं."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, मी साक्षीदार असल्यासारखं. मग खाली गेल्या. हूं नाही की चूं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीतून पाहिलं तर भाऊ स्टुलावर चढून अंगणातली कपड्यांची दोरी हातभर वर बांधत होता आणि वहिनी खालून म्हणत होत्या, "आणखी वर. ती भवानी दोन पायांवर उभी राहिली की इथवर पोचते."

"झालं," दातवाली माझ्या मागून म्हणाली.

मला तोंडात मारल्यासारखं झालं होतं. तिच्याकडे न बघता मी म्हणाले, "मला वाटलं मला देणार आहेस."

"तुला?" ती हसली. हसता हसता पोटाला हात लावून खाली बसली. "अगं बये, तू स्वतःचं जेवण विसरतेस."

"मग मला कशाला बोलावलंस?"

ती दम घेऊन म्हणाली, "तुला कुत्र्यांतलं काही कळत नाही म्हणून. तुझ्या हातचं खाल्लं तर कुणाच्याही हातचं खातील. आणि दुसरं. पहिल्यांदा कुत्री नाही म्हणणारच होती. वहिनीला एकदा नाही म्हटलं असतं तर संपलं. तिने पुन्हा भांडं उचललं नसतं. तिचं असंच आहे, एकदा मनाला लागलं की कानाला खडा. म्हणून पहिलं नाही तू घेतलंस. कवळी आधी मेणात करतात ते उगाच नाही. चुकायचं ते मेणात चुकून घ्यायचं."

"मी मेण का?"

"लागलं?"

"हो."

"लागू दे," ती म्हणाली. "तुला झेपेल."

सहाव्या संध्याकाळी मशीन लागलं नाही. मी "चला" म्हणाले. चिल्लर आला. उशी आली. साहेब आला नाही. त्याचं भांडं मी तासाभराने उचललं. दाराआडून तिने विचारलं, "साहेब?" मी नाही म्हणाले. 

सातव्या संध्याकाळी मी पुन्हा "चला" म्हणाले. दोघं धावली. साहेब उठला आणि बंद दाराशी जाऊन उभा राहिला. मी भांडं खाली ठेवलं आणि भिंतीला टेकून बसले. फार वेळ गेला. खाली वहिनींचं शिवणयंत्र चालू होतं, थांबत होतं, पुन्हा चालू होत होतं. मग साहेब वळला, भांड्यापाशी आला, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि खाल्लं.

मी आत गेले. ती कॉटवर बसून गुडघ्यावरच्या जबड्यात दात बसवत होती.

"खाल्लं."

"सगळं?"

"सगळं."

तिने मान हलवली. सुळ्याच्या बाजूचा दात चिमट्यात धरला, मेणात टेकवला, किंचित फिरवला. "रडायचं असेल तर बाहेर जा. मेणात पाणी पडतं."

मी रडत नव्हते. तीही नव्हती. मी बाहेर आले आणि भांडी घासली.

आठव्या दिवशी मी निघाले. तिने जिन्याच्या वरूनच हात केला. साहेब माझ्याबरोबर शेवटच्या पायरीपर्यंत आला. तिच्याकडे वळून गेला नाही. ती ते बघत होती.

पुढचं मला फोनवर कळत गेलं. मी गेल्यावर वहिनी भांडी भरायला लागल्या. भांडी रोज एक पायरी खाली. जिन्याला चौदा पायऱ्या होत्या. "आज नववी," ती सांगायची. "वहिनी म्हणते, ही तर घरात घुसायला निघाली. मी म्हटलं, अजून पाच आहेत, घाबरू नकोस." पंधराव्या दिवशी भांडी अंगणात गेली. त्यानंतर ती फोनवर थोडंच बोलायची. कुत्री जेवली एवढं सांगून ठेवून द्यायची.

ती दुपारी गेली. भावाचा फोन आला तेव्हा मी एका गणिताच्या पुस्तकाची मुद्रितं तपासत होते. ते पान पूर्ण केलं आणि निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी पोचले. सगळं उरकलं तोवर दुपार टळली. घरात कोणी काही खाल्लं नव्हतं. शेजारच्यांनी डबा आणून ठेवला होता, तो तसाच होता. भाऊ भिंतीकडे तोंड करून पडला होता. वर कुलूप होतं.

मी स्वयंपाकघराच्या पायरीवर बसले होते. सहाला वहिनी उठल्या. त्यांचे हात आपोआप चालले होते. तीन भांडी भरली, अंगणात नेली, बसक्या आवाजात म्हणाल्या, "चला."

तिघंही आली. साहेबसुद्धा. भांडी रिकामी व्हायला तीन मिनिटं लागली नसतील. उशीने साहेबाचं भांडंही चाटून घेतलं.

वहिनी बघत उभ्या होत्या. त्यांचं तोंड लाल झालं.

"बघ. बघ यांना! काल माणूस गेलं आणि यांनी दाणा ठेवला नाही. मला वाटलं आज तरी एखादं तोंड फिरवेल. कालही असंच. धावपळीत मला कळलं नाही, कालही सगळं चाटून-पुसून." त्यांनी पदराने नाक पुसलं. "एवढं केलं त्यांनी यांचं. कुठे नेऊन सोडते मी उद्या. नको मला असली बेइमान जात."

मला बोलायला हवं होतं. 

"वहिनी, त्यांना तिने शिकवलंय."

"काय शिकवलंय?"

मी सांगितलं. मशीनचं सांगितलं. वीस आकडे, पाच आकडे. 'चला' कुठून आला ते. साहेबाचे नऊ दिवस. सांगताना मला माझाच आवाज लांबून ऐकू येत होता. वहिनी आधी उभ्या होत्या, मग माझ्या शेजारी पायरीवर बसल्या.

"म्हणजे त्या मुद्दाम आत बसायच्या?"

"हो."

"दाराखालचा तो टॉवेल?"

"त्याच्यासाठीच."

वहिनींनी अंगणाकडे पाहिलं. तिन्ही कुत्री दोरीखाली पसरली होती.

"मी त्यांना बोलले गं," त्या म्हणाल्या. "जिन्यात तोंडावर बोलले. अंगात होतं तोवर लाड केले, आता नकोशी झाली का, म्हटलं. चिल्लर दाराशी रडत होता आणि ह्या आत. मला राग आला."

"ती काय म्हणाली?"

"काही नाही. बरोबर आहे तुझं, म्हणाल्या. पायरी कितवी आज, विचारलं."

 तिने हे मला फोनवर सांगितलं नव्हतं.

"आणि मला वाटायचं ही माझ्याकडे आपणहून येतायत," वहिनी म्हणाल्या. "माझा लळा लागला म्हणून."

 लागलाही असेल. ते आता कुणाला विचारायचं ते कळत नव्हतं.

वहिनी उठल्या. भांडी गोळा केली, नळाखाली धरली, एकात एक घालून पालथी ठेवली. मग मागे न वळता विचारलं, "उद्या किती वाजता घालायचं?"

दोन महिने त्याच घालत होत्या.

"सहाला," मी म्हणाले.